हाडाची आणि काचेची सोयरीक

श्रोतेहो, आमच्या मामांची एक गोष्ट आधी सांगतो, मग विषयाकडे वळतो. मामा शेतकरी. एका पावसाळ्यात बांधावरून घसरले आणि नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. गावच्या हाडवैद्याने पाय हातात घेऊन पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगून टाकले, "हे माझ्या कामट्यांचं काम नव्हे, शहरात न्या." शहरात शस्त्रक्रिया झाली. हाडाच्या एका तुकड्याचा पार भुगा झाला होता आणि मध्ये पोकळी राहिली होती. ती भरण्यासाठी डॉक्टरांनी मामांच्याच कमरेच्या हाडातून थोडे हाड खरवडून घेतले. पाय उत्तम जमला. पण पुढे वर्षभर मामा कमरेवर हात ठेवून चालायचे. पायाची चौकशी केली की म्हणायचे, "पायाला काय झालंय! एका भिंतीला भगदाड पडलं म्हणून दुसऱ्या भिंतीची वीट काढली, ती भिंत दुखतेय."

मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण मामांचे ते वाक्य डोक्यात बसले. हाडाच्या भगदाडाला हाडाचीच वीट का लागते? बाहेरची वीट का चालत नाही? चौकशी करू लागलो तेव्हा कळले, की हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर वैद्याने नव्हे तर काचेचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकाने शोधले. ती हकीकत आज सांगायची आहे.

मोडलेले हाड सांधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या वापराव्यात असेही त्यात आहे. आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांचे तंत्र ह्याच जातीचे. दोन टोके समोरासमोर आणायची, हलू द्यायची नाहीत, बाकीचे काम हाड स्वतःच करते. आणि खरोखरच करते. शरीरात जखम भरून येण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण कातडीवर वण राहतो तसा हाडावर सहसा राहत नाही. नवे हाड जुन्यासारखेच तयार होते. अडचण येते ती मधला तुकडाच नाहीसा झाला तर. फट मोठी असली की दोन्ही टोकांना एकमेकांचा थांग लागत नाही आणि मध्ये हाडाऐवजी मऊ मांस भरते.

अशा फटीत दुसरे हाड बसवल्याची एक जुनी नोंद हॉलंडमध्ये सापडते. योब व्हान मेकेरेन हा ॲम्स्टरडॅमचा शल्यवैद्य. १६६८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात त्याने ऐकलेली एक हकीकत दिली आहे. रशियातील एका सरदाराच्या कवटीला तलवारीचा घाव लागला होता. वैद्याने त्या जागी कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला आणि तो जमला. मात्र धर्मगुरूंना ही गोष्ट कळली आणि त्यांनी त्याला बहिष्कृत केले, कारण माणसाच्या डोक्यात जनावराचे हाड! सरदार बिचारा वैद्याकडे परत गेला आणि म्हणाला, तुकडा काढून टाका. पण तुकडा निघेना. तो हाडात रुजून गेला होता.

श्रोतेहो, "तुकडा निघेना" एवढे शब्द ध्यानात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

एकोणिसाव्या शतकात भूल देण्याची सोय झाली, जंतूंचे ज्ञान झाले, आणि शल्यवैद्यांना धीर आला. १८७९-८० च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात विल्यम मॅकएवेन ह्या डॉक्टराने एका लहान मुलाच्या दंडात दुसऱ्या मुलांची हाडे बसवली. ती हाडे आली कोठून? मुडदुसाने पाय वाकलेल्या मुलांचे पाय सरळ करताना हाडाच्या चकत्या कापून काढाव्या लागत. त्या फेकून न देता मॅकएवेनने ह्या मुलाला दिल्या. हात वाचला, मोठेपणी कामालाही आला. पण प्रत्येक रोग्यासाठी अशी हाडे आणायची कोठून?

म्हणून मग हाडाला पर्याय शोधणे सुरू झाले. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुकने १८९० साली हस्तिदंताचे सांधे बनवले आणि क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यांत, मनगटांत ते बसवले. रोगी सुरुवातीला आनंदले, पण क्षयाचा पू काही थांबेना. त्याच वर्षी बर्लिनमध्ये वैद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे ग्लुकने आपले काम मांडू नये अशी तंबी त्याच्याच जुन्या वरिष्ठांनी त्याला दिली. माणूस काळाच्या पुढे होता, एवढेच म्हणून आपण पुढे जाऊ. १८९२ साली ड्रेसमन ह्या जर्मन डॉक्टराने हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिले. शरीर ते काही आठवड्यांत विरघळवून टाकते. कधी तेवढ्या वेळात हाड भरून येते, कधी येत नाही. १९२० साली अमेरिकेत फ्रेड अल्बी याने हाडात असतो तसलाच चुना आणि फॉस्फरस यांचा क्षार वापरून पाहिला. रोख बरोबर होता, परंतु त्या क्षाराच्या मागे लागण्याइतके पुरावे तेव्हा हाती नव्हते.

विसावे शतक हे मुख्यतः धातूंचे. न गंजणारे पोलाद आले, कोबाल्टचे मिश्रधातू आले, पुढे प्लॅस्टिक आले. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली याने १९६२ मध्ये खुब्याचा जो कृत्रिम सांधा यशस्वी केला, तो ह्याच साहित्याचा. लाखो लोक त्यामुळे पुन्हा चालू लागले. ह्या काळाचे सूत्र एकच होते: शरीरात असा पदार्थ घाला, की जो शरीराच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही. गंजू नये, झिजू नये, विष सोडू नये, बस्स.

ऐकायला हे ठीक वाटते. पण शरीर काही भोळे नाही. जो आपल्याशी बोलत नाही त्याला ते परकाच समजते. अशा तुकड्याभोवती ते तंतूंचे एक पातळ आवरण विणते आणि त्याला आपल्यापासून वेगळा ठेवते. म्हणजे पाहुणा वर्षानुवर्षे ओसरीवरच बसलेला, माजघरात पाऊल नाही. हाड आणि तुकडा यांच्यामध्ये ते आवरण राहते, थोडीथोडी हालचाल होते, आणि काही वर्षांनी खिळा सैल होतो. ह्याला टायटेनियम हा धातू बराचसा अपवाद निघाला. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५२ पासून सशांवर केलेल्या प्रयोगांत हाडाने टायटेनियमला घट्ट धरून ठेवलेले दिसले. परंतु तीही मुख्यतः दाराच्या चौकटीत पाचर घट्ट बसावी तशी पकड.

आता १९६७ साल. अमेरिका व्हिएतनामच्या लढाईत गुंतलेली. न्यूयॉर्क राज्यात सॅगमोर येथे लष्कराने पदार्थविज्ञानाची एक परिषद बोलावली होती आणि तज्ज्ञांना तिकडे नेणारी एक बस निघाली होती. त्या बसमध्ये लॅरी हेंच हा फ्लोरिडा विद्यापीठातला अठ्ठावीस वर्षांचा तरुण प्राध्यापक बसला होता. शेजारी नुकताच व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल. हेंच आपल्या कामाविषयी उत्साहाने सांगत होता. अणुकिरणांचा मारा झाला तरी न बिघडणारी काच तो बनवत होता. लष्करी यंत्रांत तिचा उपयोग होणार होता. कर्नलने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की किरणांत टिकणारा पदार्थ तुम्हाला करता येतो, तर माणसाच्या शरीरात टिकणारा करता येईल का? तिकडे जखमी शिपायांचे हातपाय कापावे लागताहेत, कारण शरीर नाकारणार नाही असे आमच्याजवळ काहीच नाही.

हेंचला शरीरशास्त्राची पार्श्वभूमी नव्हती. मला वाटते तेच बरे झाले. वैद्यांच्या पंथातला असता, तर तोही जास्त टिकाऊ, जास्त निर्विकार धातूच शोधत बसला असता. त्याने घरी परतल्यावर प्रश्नच उलटा केला. हाडाचा घन भाग कशाचा बनलेला आहे? चुना आणि फॉस्फरस यांच्या एका खनिजाचा. त्याला हायड्रॉक्सीॲपॅटाइट म्हणतात. शरीरात ना पोलाद आहे ना प्लॅस्टिक, मग ते त्यांना आपले का म्हणेल? पण एखादा पदार्थ शरीरात गेल्यावर स्वतःच्या अंगावर हाडाच्या खनिजाचा थर तयार करू शकला तर? तर शरीराला आपण कोठे संपलो आणि तो कोठे सुरू झाला हेच कळणार नाही. कर्नलने विचारले होते "टिकेल का?" हेंचने विचारले "रुजेल का?"

लष्कराच्या वैद्यकीय खात्याने पैसा दिला आणि १९६९ मध्ये काम सुरू झाले. हेंचने जी काच वितळवली तिची घटकयादी अशी: वजनाने शेकडा ४५ भाग सिलिका, म्हणजे शुद्ध वाळू, साडेचोवीस भाग सोड्याचा, साडेचोवीस भाग चुन्याचा आणि ६ भाग फॉस्फरसचा ऑक्साइड. खिडकीच्या काचेत वाळूचा अंश शेकडा ७० च्या वर असतो, म्हणून ती पाऊसपाणी सोसते. हेंचने वाळू मुद्दाम कमी ठेवली. काचकारागिराच्या दृष्टीने ही वाईटच काच, कारण ती ओलाव्याने झिजते. पण त्याला नेमके तेच हवे होते.

ह्या काचेच्या लहान चकत्या टेड ग्रीनली नावाच्या अस्थिशल्यवैद्याने उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवल्या. सहा आठवड्यांनी त्या काढून तपासायच्या होत्या. सहा आठवडे झाले आणि ग्रीनलीचा हेंचला फोन आला. तो विचारत होता, की ही कसली चीज तू मला दिलीस? त्याने चकती ओढून पाहिली, ढकलून पाहिली, शेवटी हाड मोडले तरी चकती सुटली नाही. तुकडा निघेना! रशियन सरदाराच्या डोक्यातले कुत्र्याचे हाड निघेना तसेच हे झाले. फरक इतकाच, की तो तुकडा हाडाचा होता आणि हा वाळू-चुन्याचा, भट्टीत वितळवलेला.

आत काय घडत होते ते पुढे हळूहळू उलगडले. शरीरातल्या पाण्याचा स्पर्श होताच काचेतला सोडा बाहेर पडतो. पृष्ठभागावर वाळूचा खळीसारखा एक मऊ थर मागे राहतो. त्या थरावर काचेतले आणि रक्तातले चुना-फॉस्फरस येऊन बसतात, आणि काही तासांत त्यांचे स्फटिक होऊ लागतात. हे स्फटिक म्हणजे हाडाचेच खनिज. मग हाडातले कोलॅजेन नावाचे तंतू त्या थरात गुंतत जातात, हाड बनवणाऱ्या पेशी येऊन कामाला लागतात. ह्या गुणाला जैवक्रियाशीलता असे नाव पडले; साध्या शब्दांत सांगायचे तर शरीराशी देवाणघेवाण करण्याची तयारी. सिलिकेचा भाग शेकडा ६० च्या पुढे गेला की काच अबोल होते आणि हाड तिला धरत नाही, हेही ध्यानात आले. हेंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हे काम प्रसिद्ध केले.

रोग्यांपर्यंत पोचायला आणखी चौदा वर्षे लागली. आणि पहिला उपयोग झाला तो लढाईतल्या शिपायाच्या पायात नव्हे, तर कानात! मधल्या कानात ऐकण्याची तीन इवलीशी हाडे असतात. ती रोगाने झडली तर त्यांच्या जागी बसवायचा काचेचा तुकडा अमेरिकेत १९८५ साली मान्य झाला. १९९३ मध्ये हिरडीच्या रोगाने दाताभोवतीचे हाड झिजते तेथे भरायची काचेची पूड आली. पुढे ह्याच काचेचे कण काही दंतमंजनांतही गेले.

मोठ्या हाडापर्यंत मजल का जात नव्हती ते आमच्या मामांनी एका दमात सांगितले. मी त्यांना ही काचेची कथा रंगवून सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, पण काचच ना ती? मी पायावर भार दिला आणि आत फुटली तर?"

मामांचा प्रश्न बिनतोड होता. काच कितीही गुणी झाली तरी ठिसूळ. कानातल्या हाडावर भार नसतो, नडगीवर सगळ्या देहाचा असतो. जपानमध्ये क्योटो विद्यापीठातील कोकुबो यांनी १९८२ मध्ये काचेत स्फटिक उगवून तिला अधिक बळकटी आणली आणि त्यांचा पदार्थ मणक्याच्या, कमरेच्या हाडांसाठी वापरलाही गेला. तरी मूळ स्वभाव चिनीमातीचाच. वाकणे ठाऊक नाही.

आणि हाड तर वाकते. शिक्षकमित्रांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, मधून व्हिनेगर बदला. त्यातला खनिज भाग निघून जातो आणि उरलेले हाड रबरासारखे वाकवता येते. दुसरे तसलेच हाड विस्तवात चांगले जाळा. त्यातले तंतू जळून जातात, आकार तोच राहतो, पण बोटाने दाबले तर भुगा होतो. एक नुसता वाकणारा, एक नुसता फुटणारा; पण हे दोघे एकत्र आहेत म्हणून हाड भारही पेलते आणि धक्काही सोसते. म्हणजे हाड हा निसर्गाने केलेला संकर आहे. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, तेव्हापासून "हायब्रीड" हा शब्द आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. येथे अर्थ थोडा वेगळा, पण कल्पना कळायला तो शब्द उपयोगी आहे.

पहिला मार्ग मिश्रणाचा होता. लंडनमध्ये विल्यम बॉनफील्ड यांनी १९८१ च्या सुमारास पॉलिथिनमध्ये हाडाच्या खनिजाची पूड मिसळून पदार्थ तयार केला. भिंतीच्या गाऱ्यात आपण गवताचे काड घालतो, त्याच तऱ्हेचा हा विचार. पण गाऱ्यात काड वेगळे दिसते आणि गारा वेगळा. शरीरात गेल्यावर दोघांचा वेगही वेगवेगळा. एक विरघळतो, एक तसाच राहतो.

संकरित पदार्थांची कल्पना ह्याच्या पुढची. येथे दुधात साखर विरघळावी तसे काच आणि लवचिक पदार्थ यांचे रेणूच एकमेकांत विणलेले असतात. पण हे करायचे कसे? काच वितळते ती हजार अंशांच्या पुढे, आणि लवचिक पदार्थ त्याच्या कितीतरी आधी जळून राख होतात. उत्तर मिळाले ते भट्टी न पेटवता काच करण्याच्या रीतीत. सिलिकेचे एक द्रवरूप संयुग घेतात आणि पाण्यात त्याची क्रिया घडवतात. दुधाला विरजण लागावे तसे ते साध्या तापमानाला घट्ट होत जाते आणि काचेचे जाळे विणले जाते. हेंचच्या मंडळींनी १९९१ मध्ये ह्या रीतीने जैवक्रियाशील काच करून दाखवली. द्रव अजून पातळ आहे तोवरच त्यात लवचिक पदार्थाचा रस मिसळला, की दोघे एकाच जाळ्यात अडकतात. १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी सिलिकोन रबराच्या जातीचा पदार्थ आणि काच यांचा असा संकर करून दाखवला, आणि त्याच्यावर हाडाचे खनिज जमते हेही सिद्ध केले. ही परीक्षाही मोठी सोयीची आहे. कोकुबो यांनी १९९० मध्ये रक्तरसातील क्षारांइतकेच क्षार असलेले एक पाणी सांगितले. पदार्थ त्यात बुडवून ठेवायचा आणि खनिज जमते का ते पाहायचे. किती मुक्या जनावरांचे प्राण ह्या बाटलीभर पाण्याने वाचले असतील!

पण संकर सोपा नव्हता. दोन अडथळे फार दिवस छळत राहिले. एक चुन्याचा. चुना नेहमीच्या क्षारातून घातला तर काचेच्या जाळ्यात शिरण्यासाठी त्याला चारशे अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्यात लवचिक भाग जळतो. चुना नाही तर हाडाशी बोलणार कोण? त्यासाठी कमी उष्णतेतही जाळ्यात शिरणारी चुन्याची वेगळी संयुगे वापरावी लागली. दुसरा अडथळा सोयरिकीचा. काच आणि लवचिक पदार्थ नुसते शेजारी बसले तर शरीरातल्या पाण्याने एक धुऊन जातो. म्हणून दोघांना हात देणारा एक मध्यस्थ रेणू घालावा लागतो. त्याचा एक हात काचेला, दुसरा लवचिक पदार्थाला. काहींनी लवचिक भाग म्हणून जिलेटिन घेतले, आणि जिलेटिन म्हणजे हाडाकातड्यातलेच कोलॅजेन उकळून काढलेले. फिरून पुन्हा हाडाशीच आलो!

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ज्युलियन जोन्स आणि त्यांचे सहकारी ह्या कामात बरीच वर्षे आहेत. १९९० च्या दशकात हेंच स्वतःही तेथे गेला होता. त्याच्याबरोबर ज्यूलिया पोलक ह्या विदुषी होत्या. १९९५ मध्ये त्यांचे स्वतःचे हृदय आणि फुप्फुसे बदलावी लागली होती आणि त्यानंतर त्या अवयव दुरुस्तीच्या संशोधनाकडे वळल्या. काचेतून सुटणारे क्षार हाडाच्या पेशींना नुसते बसायला जागा देत नाहीत, तर वाढायची चालनाही देतात, हे ह्या मंडळींनी २०००-०१ मध्ये दाखवले. २०१८ साली जोन्स यांच्या गटाने असा संकरित पदार्थ प्रसिद्ध केला, की जो छापण्याच्या यंत्राने थरावर थर देऊन जाळीसारखा बनवता येतो, दाबला तर दबतो आणि सोडला तर परत उसळतो. काचेचा अंश असलेली वस्तू चेंडूसारखी उसळते हे मामांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले.

जाता जाता सांगायला हरकत नाही, की हेंचने मुलांसाठी बॉइंग-बॉइंग नावाच्या एका यांत्रिक मांजराच्या गोष्टीही लिहिल्या. तो २०१५ च्या डिसेंबरात वारला. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत आणि कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत हाडाशी जुळणाऱ्या पदार्थांवर काम झालेले आहे.

उसळणारे संकरित पदार्थ मात्र बहुतांशी अजून प्रयोगशाळेत आहेत. शरीरात ते किती दिवसांत विरावेत, विरताना मागे काय सोडावे, आणि नवे हाड भार घ्यायला तयार होईपर्यंत त्यांनी तग कसा धरावा, ह्याचा हिशेब जुळवणे चालू आहे. तोवर मामांसारखा रोगी आला, की डॉक्टर त्याच्या कमरेतूनच हाड काढतात. मात्र काढलेले हाड पोकळीला पुरले नाही, तर त्यात आता हेंचच्या काचेचे दाणे मिसळता येतात, आणि दुसऱ्या भिंतीची वीट थोडी कमी काढावी लागते.